कापलेल्या सात ओळी

तुम्ही सात ओळी कापल्यात. चुकून नाही, घाईत नाही, विचार करून कापल्यात, आणि कापायला हात दुसऱ्याचा वापरलात. चौकशीच्या कागदात मात्र लिहिलंत की "सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून मर्यादेची नोंद राहून गेली." राहून गेली. जशी काही मी दुधाखालचा गॅस बंद करायला विसरले.

तुमचं नाव मला माहीत आहे. ते इथे लिहीत नाही, कारण तुमच्या वकिलाचं पत्र माझ्या फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आहे आणि चहा करताना मी ते रोज वाचते. तुम्ही समुद्रापलीकडे नेटवर्क कार्डं बनवता. आम्ही बिश्केकमध्ये, जुन्या शिवण कारखान्याच्या चौथ्या मजल्यावर बसून तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर लिहायचो. कार्डाची भाषा संगणकाला कळत नाही, संगणकाची कार्डाला कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. तुमचं कार्ड सेकंदाला चौदा कोटी पॅकेटं, म्हणजे माहितीची पुडकी, आत घेऊ शकतं असं तुम्ही छापता. ते खरं आहे. खरं आहे कारण ते मी खरं करून दाखवलं.

मी विद्यापीठात शिकलेली नाही. दोर्दोय बाजारात कंटेनरांच्या गल्लीत माझी आई चपला विकायची आणि मागच्या अर्ध्या कंटेनरात मी बिघडलेले राउटर दुरुस्त करायची. तिथे एका जानेवारीत आमच्या चौथ्या मजल्याचे प्रमुख तोक्तोसून बायके आले. बायके म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला नुसत्या नावाने हाक मारली तर माणसं आईबापांचं नाव विचारतात. त्यांना एका जुन्या कार्डाचा सुटा भाग हवा होता. माझ्या टेबलावर त्याच कार्डाच्या ड्रायव्हरची छापील पानं होती, पेन्सिलीने रंगवलेली.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. कार्ड बिघडलेलं होतं."

"बिघडलेलं शिकवतं का?"

"चालणारं कुठे काय बोलतं, बायके?"

ते इतके हसले की आईने पुढून डोकावून पाहिलं. आठवड्याभरात मी चौथ्या मजल्यावर होते. तुम्ही मला कामावर घेतलं असं तुमच्या पत्रात आहे. खोटं आहे. मला त्यांनी घेतलं, आणि पाच वर्षं हाताला धरून शिकवलं. रोजच्या रोज. माझ्या पहिल्या दस्तऐवजाची तेवीस पानं त्यांनी उलटली, सरळ शेवटच्या भागाकडे गेले आणि पानं परत माझ्या अंगावर टाकली.

"मर्यादा कुठे आहेत?"

"मर्यादा नाहीत, बायके. सगळं चालतं."

"सगळं चालतं फक्त स्मशानात. ड्रायव्हर काय करतो ते कोड सांगतो, केंजे. काय करत नाही ते तुला सांगावं लागतं. ते नाही सांगितलंस तर तू ड्रायव्हर नाही लिहिलास, सापळा लावलास."

माझं पूर्ण नाव केंजेगुल. केंजे म्हणणारे दोघेच, आई आणि ते.

आता त्या सात ओळींचं सांगते. तुम्हाला पाठ आहेत, पण वाचणारे तुम्ही एकटे नाही.

साधा ड्रायव्हर कार्डाने हाक मारायची वाट पाहतो. पॅकेट आलं की कार्ड संगणकाला टोचतं, संगणक हातातलं काम सोडून धावतो. चौदा कोटी वेळा टोचलं तर संगणक काम काय करणार? म्हणून आमचा ड्रायव्हर वाट पाहतच नाही. प्रोसेसरचा एक भाग दुसरं काही न करता अखंड विचारत राहतो, आलं का, आलं का, आलं का. येणारी पॅकेटं कार्ड वेगवेगळ्या रांगांत टाकतं, आणि ती सरळ संगणकाच्या स्मृतीत लिहितं. मध्ये कोणी नाही. वेग त्यातूनच येतो. धोकाही त्यातूनच.

रांग बंद करायची असेल तर आम्ही कार्डाला सांगतो, थांब. कार्ड म्हणतं, थांबलो. मग त्या रांगेची जागा आम्ही दुसऱ्या कामाला देतो. तुमचं कार्ड म्हणतं थांबलो, आणि थांबत नाही. क्वचित, दोनेक हजार वेळांत एकदा, थांबलो म्हटल्यावरही आणखी दोन-तीन पॅकेटं लिहून मोकळं होतं. ती जागा तोवर दुसऱ्याची झालेली असते.

हे पकडलं गालिना पेत्रोव्नांनी. त्या आमच्याकडे चाचण्या घ्यायच्या. वय एकसष्ट, कपाटात वाळलेली मासळी, आणि कोणावर विश्वास म्हणून नाही. प्रत्येक पॅकेटात त्या आकडा घालून सोडायच्या आणि पलीकडे तोच आकडा येतो का बघायच्या.

"ये इकडे, बाजारवाले. पाचव्या रांगेत हे काय आहे?"

"पॅकेट."

"पॅकेट मलाही दिसतं. आकडा वाच."

वाचला. "हे तिसऱ्या रांगेतलं आहे."

"तिसरी रांग मी मघाशी बंद केली. मेलेल्याने पत्र पाठवलं का?"

आम्ही नऊ दिवस खपलो. कोडमध्ये खोट सापडेना, कारण ती कोडमध्ये नव्हतीच. कार्डात होती. तुमच्या कारखान्यातून आली होती. तुम्हाला कळवलं, तुमच्या माणसांनी लिहिलं की पुढच्या आवृत्तीत पाहू. मग मी तेच केलं जे मला शिकवलं होतं. मर्यादांच्या भागात सात ओळी लिहिल्या. आणि तक्त्यात खूण बदलली. तो तक्ता सगळ्या कंपन्यांचा मिळून एकच असतो, उघड्या प्रकल्पाच्या पानावर, जिथे सगळ्यांचे ड्रायव्हर एकत्र आणि कोणालाही पाहता येतील असे ठेवलेले असतात: डावीकडे ड्रायव्हरला काय काय जमतं त्या गुणांची यादी, वर प्रत्येकाच्या ड्रायव्हरचं नाव. गुण असेल तर पूर्ण खूण, अर्धवट असेल तर अर्धी. "चालू असताना रांग बंद करणे" यासमोर मी आपल्या रकान्यात अर्धी खूण घातली.

तोक्तोसून बायके उभ्याउभ्या वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"सहावी ओळ परत वाच."

"'कार्डाच्या थांबलो या उत्तरावर विसंबू नये.'"

"असं कोणी आपल्याच गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल लिहितं का?"

"काढू?"

"हात तोडीन," ते म्हणाले. "ही ओळ मी लिहायला हवी होती."

हा प्रसंग मी आठवून आठवून झिजवला आहे. त्या वेळी ते खरंच बोलत होते का? माझं मत, हो. म्हणूनच पुढचं पचत नाही.

जूनमध्ये ड्रायव्हर उघड्या प्रकल्पात स्वीकारला गेला. आम्ही एकोणीस जण चोंग-केमिनच्या कुरणावर गेलो. मेंढी कापली. मांस शिजलं की हाडं वाटायची, आणि वाटायची ती वयाने आणि मानाने. कोणतं हाड कोणाला हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. कमरेचं हाड, जांबाश, सगळ्यात थोर माणसाचं. ते तोक्तोसून बायकेंचं होतं. ते उठले, थाळी उचलली, आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे ठेवली.

मग गालिना पेत्रोव्ना बोलल्या.

"बावीस वर्षं झाली मला या इमारतीत. मला अजून फासळीच."

"तुम्हाला दात आहेत कुठे," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मी हसले नाही. मला रडू येत होतं.

"आजपासून हा ड्रायव्हर हिचा," बायके म्हणाले. "सांभाळणारी म्हणून यादीत हिचं नाव जाईल. जगात कोणाला काही अडलं तर हिला विचारायचं."

मी खात होते. कोपरापर्यंत तूप. त्यांचा फोन वाजला. कुरणावर फोनवरचं बोलणं फक्त एका खडकापाशी नीट ऐकू येतं, ते तिथे गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा हातात लॅपटॉप उघडा होता.

"कागदपत्रांची एक साफसफाई पाठवायची आहे. तिकडून आजच हवी म्हणतात. तपासणारा म्हणून तुझं नाव लावू?"

आमचा नियम होता: कुठलाही बदल दोन नावांशिवाय बाहेर जात नाही. एक लिहिणाऱ्याचं, एक तपासणाऱ्याचं. ती नुसती टाइप केलेली ओळ असते, पण आमच्या धंद्यात तीच सही. हे मी वाचलं आहे, असा तिचा अर्थ.

माझे हात बरबटलेले होते. समोर त्यांनी दिलेलं हाड होतं. ज्या माणसाने चारचौघांत आपल्या वाट्याचा जांबाश तुमच्या ताटात घातला, त्याला त्याच बैठकीत "आधी दाखवा" म्हणायचं? असं म्हणणारी मुलगी आमच्याकडे अजून जन्मायची आहे.

"लावा, बायके," मी म्हणाले.

माझा गुन्हा एवढाच, आणि तो मी नाकारत नाही. दोन शब्द. तुम्ही तुमचा सांगा.

त्या साफसफाईत सात ओळी गेल्या. अर्धी खूण पूर्ण झाली. नऊ महिन्यांत मी पाहिलं कसं नाही, असं चौकशीत विचारलंत. आपण लिहिलेल्या ओळी जागेवर आहेत का हे कोणी रोज जाऊन बघतं का? आपल्या घराचा दरवाजा आहे का हे तुम्ही संध्याकाळी तपासता?

दक्षिणेतल्या एका शहरात रुग्णवाहिकेच्या टेलिफोन केंद्राने तुमची कार्डं घेतली. त्यांच्या अभियंत्यांनी तक्ता पाहिला. पूर्ण खूण. त्यांनी चोख काम केलं: फोन कमी असतील तेव्हा काही रांगा बंद करायच्या, वीज वाचवायची. दस्तऐवज सांगत होता की चालतं. मार्चमध्ये, नौरूझच्या, म्हणजे नववर्षाच्या दिवशी दुपारी, सगळं शहर जेवायला बसलेलं असताना, फोन कमी झाले आणि रांगा बंद झाल्या. कार्ड म्हणालं थांबलो. थांबलं नाही. सत्तेचाळीस मिनिटं केंद्र पडत होतं, उठत होतं, पुन्हा पडत होतं.

सुयुमकान नावाच्या बाईंची साखर उतरली होती. सुनेने नऊ वेळा फोन केला. तिचा जबाब मी वाचला आहे. "फोन उचलला जायचा, पण माझ्या प्रश्नाला उत्तर नाही. मध्येच कोणातरी दुसऱ्याचं बोलणं यायचं, अर्धा शब्द. एकदा एक पुरुष पत्ता सांगत होता. तो आमचा पत्ता नव्हता." दहाव्यांदा फोन करायची गरज राहिली नाही.

मेलेल्याने पत्र पाठवलं का, असं गालिना पेत्रोव्ना म्हणाल्या होत्या. आता त्या हा विनोद करत नाहीत.

एप्रिलमध्ये चौकशी. तुम्ही पडद्यावर होतात, मागे पुस्तकांचं कपाट. तोक्तोसून बायके माझ्या शेजारच्या खुर्चीवर. तुम्ही एकच प्रश्न विचारलात.

"या बदलावर तपासणाऱ्याचं नाव कोणाचं आहे?"

बायकेंनी कागदाकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मला वाटलं, आता सांगतील. कुरण, खडक, फोन, सगळं. मी मनात त्यांना वाक्यसुद्धा तयार करून दिलं होतं.

"केंजेगुल असानोवा," ते म्हणाले.

बस. खोटं एक अक्षर नाही. माझं पूर्ण नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मग प्रश्न मिटला," तुम्ही म्हणालात.

मी म्हणाले की हुकूम तिकडून आला होता. तुम्ही विचारलंत, लेखी आहे का? फोन कधी लेखी असतो का? दुभाषी मुलीने माझं बोलणं भाषांतरित केलं आणि शेवटी हळूच एक शब्द वाढवला: म्हणे. "हुकूम आला होता म्हणे." मी तिच्यावर रागावले नाही. तिलाही नोकरी होती.

त्या दुपारी बायकेंना मी इमारतीखालच्या तंदूरपाशी गाठलं. ते दोन साम्सा, तंदूरमधले मांसाचे समोसे, घेऊन उभे होते. दोन. म्हणजे मी येणार हे त्यांना माहीत होतं.

"खा. गरम आहे."

"फोन कोणाचा होता, बायके?"

"तुला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्यांनी तुमचं नाव घेतलं. अगदी हळू, जसं घरात आजारी माणसाच्या रोगाचं नाव घेतात. "शेजारच्या कंपनीच्या रकान्यात पूर्ण खूण आहे, आपल्यात अर्धी. खरेदीदार दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघतो. खूण बदला, ओळी काढा, नाहीतर काम दुसऱ्या देशात जाईल, असं म्हणाले. माझ्यावर एकोणीस घरं होती, केंजे."

"मग तुमचं एकट्याचं नाव लावायचं होतं."

"एकट्याचं जात नाही. नियम माझाच आहे."

"मग गालिना पेत्रोव्नांचं लावायचं."

ते साम्साचा कागद उलगडत राहिले. उलगडायला त्यात काही उरलं नव्हतं.

"ती वाचल्याशिवाय लावू देत नाही," ते म्हणाले.

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या वाक्याने कळलं. माझी निवड झाली होती. हुशार म्हणून नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवते म्हणून. एकोणीस माणसांत न वाचता हो म्हणेल अशी मी एकटी होते, आणि मला तशी त्यांनीच केली होती.

"आणि तो जांबाश?" मी विचारलं. "तो फोनच्या आधी दिलात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हाड मनापासून दिलं होतं."

"माहीत होतं का?"

"सकाळी एकदा फोन येऊन गेला होता," ते म्हणाले.

साम्सा मी तंदूरवाल्याच्या कुत्र्याला घातला. तंदूरवाल्याने ताई म्हणून हाक मारली, "एझे, आवडला नाही का?" मी म्हणाले, "साम्सा चांगला आहे." मग बायकेंना म्हणाले, "ठीक आहे. माझं जाऊ दे. ओळी परत घाला. हे कार्ड आणखी अकरा ठिकाणी चालू आहे, तिथली माणसं मला प्रकल्पाच्या पत्रयादीवर प्रश्न विचारायची. त्यात एक विमानतळ आहे. रुग्णालयांना जोडणारं एक जाळं आहे."

"आता घातल्या तर कबुली होते."

"कोणाची?"

"त्यांची. आणि माझी."

"सुयुमकान आपांसारखं अजून एक माणूस लागेल का तुम्हाला?"

गाडीभाड्याची चिल्लर हातावर ठेवावी तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खांदा काढून घेतला.

मला काढलंत. सांभाळणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव गेलं, तिथे आता तोक्तोसून बायकेंचं आहे. तुमच्या वकिलाने लिहिलं की ग्राहकांशी संपर्क साधू नये. मी साधला. अकरापैकी चार पत्ते माझ्याकडे होते, चौघांना लिहिलं. दोघांनी उत्तर दिलं, दोघांनी एकच: "अधिकृत दस्तऐवजात असं काही आढळत नाही." बरोबर आहे त्यांचं. मीही असंच उत्तर दिलं असतं. अनोळखी बाईच्या पत्रापेक्षा दस्तऐवजावर विश्वास ठेवावा, हे तर आम्हीच जगाला शिकवलं.

गालिना पेत्रोव्ना घरी आल्या. पिशवीतून काकडीची बरणी काढली आणि तिच्याखालून एक छोटी डिस्क.

"चाचणीची नोंद. तारखेसकट, आकड्यांसकट. तुझ्या ओळींच्या आधीची."

"तुम्हाला काढतील."

"मला? माझ्यानंतर ते यंत्र चालवणार कोण, तुझा बायके? त्याला चालू करायचं बटण सापडत नाही." मग चहात साखर ढवळत म्हणाल्या, "तुला तेव्हाच विचारणार होते. हाड खाल्लंस, पण वाचलंस का, म्हणून."

"मग विचारलं का नाही?"

"तू रडत होतीस. बरं दिसलं नसतं."

ती नोंद जोडून मी बदल पाठवला. प्रकल्पाच्या उघड्या पत्रयादीवर, जिथे सगळ्या कंपन्या आणि सगळे वापरणारे वाचतात. त्यात कोडचं एक अक्षर नाही. फक्त सात ओळी आणि एक अर्धी खूण. तिथे बदल पाठवायला नोकरी लागत नाही. कोणीही पाठवू शकतो. पण स्वीकारायला सांभाळणाऱ्याचा होकार लागतो. आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत तुमच्या माणसांनी त्याच यादीवर एका स्वल्पविरामाची चूक दोन तासांत दुरुस्त केली. तोक्तोसून बायकेंनी तिघांना उत्तरं दिली, एका विद्यार्थ्याला तर फार प्रेमाने. माझ्या पत्राखाली कोरं.

नकार द्या. नकार देणं सोपं आहे, लिहावा लागतो, एवढंच. "ही मर्यादा खोटी आहे" असं लिहा आणि खाली नाव घाला. नाहीतर होकार द्या. मूग गिळून बसायची सोय या यादीवर नाही. ती तुम्ही काढलेली पळवाट आहे.

मला नोकरी परत नको. माझं नाव त्या जुन्या बदलावर आहे तसं राहू द्या, ते मी कमावलं आहे. ओळी पुन्हा खाली देते. यादीची रीत तुम्हाला माहीत आहे. आणि बायके, तुम्हालाही, मला ती तुम्हीच शिकवलीत. उत्तर वर लिहायचं नाही. ज्या ओळीला उत्तर द्यायचं तिच्या खाली लिहायचं, म्हणजे कोणत्या वाक्यावर कोण काय म्हणालं हे सगळ्यांना दिसतं.

चालू असताना एकच रांग बंद करू नये.

बंद केल्यास कार्ड काही क्षण स्मृतीत लिहीत राहू शकते.

त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या जागी जाऊ शकतो.

हे क्वचित घडते, पण घडते.

रांग बंद करायची असल्यास संपूर्ण कार्ड थांबवावे.

कार्डाच्या थांबलो या उत्तरावर विसंबू नये.

ही खोट कार्डातील आहे. ड्रायव्हरमध्ये दुरुस्त होत नाही.

यातली कोणती ओळ खोटी आहे? प्रत्येकीखाली जागा सोडली आहे. लिहा.